काटा हलण्याआधी

पोरी, शुक्रवारी रात्री खंबाटकीच्या चढावरून तुझा फोन आला तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता, "मामा, कूलंटच्या बाटलीत पाणी ओतू का?" मी एवढ्या जोरात "नको!" म्हणालो की मामी आतून धावत आली. रागावलो नव्हतो, घाबरलो होतो. तू एकटी, अंधार, बॉनेटच्या फटीतून वाफ, आणि तुझ्या हातात गार पाण्याची बाटली. गाडी फ्लॅटबेडवर चढून पुण्यात आली, तू घरी पोचलीस, हे झालं. पण फोनवर जे सांगायचं राहिलं ते आज लिहून पाठवतो. वाचून झालं की हा कागद गाडीच्या पुस्तकात घालून ठेव.

1976 साली मी नाना पेठेतल्या एका गॅरेजात लागलो. वय सतरा. तीनेक वर्षांनी कात्रजच्या जुन्या घाटात एका गिऱ्हाइकाची ॲम्बॅसॅडर तापून उभी राहिली आणि वस्तादांनी मला एकट्याला पाठवलं. मला घाई झाली होती. हातावर फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी कोपरापर्यंत उडालं. तो डाग तू लहानपणापासून पाहिला आहेस. त्याहून मोठी चूक मी पुढे केली. भाजल्या हाताने डबाभर गार पाणी आणलं आणि तसंच आत ओतलं. 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. हेडला तडा गेला होता. वस्तादांनी माझ्या हाताला मलम लावलं, गिऱ्हाइकाचं नुकसान स्वतःच्या खिशातून भरलं आणि मला एवढंच म्हणाले, "गरम गाडीपाशी हात खिशात ठेवायचे." परवा फोनवर मी ओरडलो त्यामागे त्यांचंच वाक्य होतं.

हात खिशात का, ते समजून घे, म्हणजे वेळेला आठवेल. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला त्याच्याही दोनतीन अंश आधी. इंजिनातलं कूलंट मात्र 100 अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. एक तर त्यात निम्मं ग्लायकॉल असतं आणि दुसरं म्हणजे झाकणामुळे सगळं दाबाखाली असतं. आपल्या प्रेशर कुकरसारखंच. तू झाकण सैल केलंस की दाब जातो आणि इतका वेळ गप्प बसलेलं कूलंट एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी वाफ पूर्ण थांबू दे, आणि झाकणाला हात लावण्याआधी निदान तासभर जाऊ दे. वरचा जाड होज पाइप हाताला कोमट लागला पाहिजे आणि दाबला तर मऊ लागला पाहिजे. तो टणक असेल तर आत अजून दाब आहे.

आता पैशाची गोष्ट, कारण तू दोन दिवस एस्टिमेटच्याच काळजीत आहेस. गाडी तापली म्हणून लाखांचं बिल होत नाही. तापल्यानंतर ती चालवली म्हणून होतं. पन्नास वर्षांत मी जेवढी इंजिनं खोलली त्यातली कितीतरी शेवटच्या दोनतीन किलोमीटरनी मेली होती. "घाट संपला की थांबू", "पुढच्या पंपापर्यंत नेऊ", "टोलनाका आलाच आहे". एवढ्यात पाइपचं काम इंजिनचं काम होऊन बसतं. फुटलेला पाइप, झाकण, थर्मोस्टॅट, अगदी पंप धरला तरी हिशेब हजारांतच राहतो. हेड उतरवावं लागलं की तो लाखांत जातो. आणि इंजिन धरलं तर तुझ्यासारख्या दहा वर्षांच्या जर्मन गाडीत दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला भिडतो. तू लाल दिवा लागल्यावर शंभर पावलांत थांबलीस. तुझे पैसे तिथे वाचले, हे मनात पक्कं धर.

हेडचं असं होतं. ते ॲल्युमिनियमचं असतं आणि त्याला धरून ठेवणारे बोल्ट पोलादाचे. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हेड वर उसळू पाहतं, बोल्ट त्याला सोडत नाहीत, आणि हेड व ब्लॉकच्या मधलं गॅस्केट चिरडतं. गाडी गार झाली की हेड परत बसतं, पण गॅस्केट पूर्वीसारखं राहिलेलं नसतं आणि हेडलाही बाक आलेला असतो. मग जळलेला वायू पाण्यात जातो, पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जातं. हे सगळं घडायला अर्धा तास लागत नाही. घाटात, एसी चालू, चार माणसं आणि सामान भरलेलं असलं तर काही मिनिटं पुरतात.

तेव्हा लाल दिवा किंवा तापमानाची सूचना आली की पहिल्यांदा एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर आहे. तो इंजिनची थोडी उष्णता तुझ्या अंगावर ओततो, पण बाजूला जाईपर्यंतचा वेळ मिळवून देतो. याच वेळी आणखी एक खूण कळते. इंजिन तापलंय आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, तर कूलंट फिरतच नाहीये, बहुतेक गळून गेलंय. मग पन्नास मीटरसुद्धा जास्त नको. सुरक्षित जागा दिसताच थांब, इंजिन बंद कर, पण इग्निशन लगेच काढून घेऊ नकोस. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही रेडिएटरचा पंखा आणि विजेवरचा पंप काही मिनिटं चालू राहतात. तो आवाज ऐकून घाबरू नकोस, गाडी स्वतःला गार करत असते.

आणि गाडीच्या आधी तू. धोक्याचे दिवे लाव, त्रिकोण मागे लांब ठेव, डाव्या बाजूने उतर आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभी राहा. एक्सप्रेसवेवर, बोरघाटात तर गाडीत बसून वाट बघायचीच नाही. सातारा रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदतीचा क्रमांक चालतो. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच माग. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढली तर इंजिनाबरोबर गिअरबॉक्सचाही खर्च मागे लागतो.

जोडून आलेल्या सुट्यांत बोरघाटात गाड्यांची रांग लागते आणि दर थोड्या अंतरावर एक बॉनेट उघडं दिसतं. तिथे दोष नेहमी गाडीचाच असतो असं नाही. रेंगाळत चढताना समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो, आणि रेडिएटरच्या पुढेच एसीचा कंडेन्सर गरम हवा सोडत असतो. तिथे काटा अर्ध्याच्या किंचित वर सरकला आणि सूचना आलेली नसेल तर एसी बंद कर, पुढच्या गाडीपासून अंतर ठेव, आणि पावलापावलाने सरकण्याऐवजी मोकळी जागा झाल्यावर एकदम पुढे जा. तरी काटा उतरला नाही तर गाडी कडेला घे. दिवे घाट दिसायला छोटा, पण मे महिन्यात दुपारी तोही हेच करतो. शक्य असेल तेव्हा घाट सकाळी सातच्या आत चढावा. मी अजून तसंच करतो.

काट्यावर मात्र फार विसंबू नकोस. आमच्या फियाट, ॲम्बॅसॅडरचा काटा खरा बोलायचा, चढावर वर जायचा, उतारावर खाली यायचा. हल्लीच्या पुष्कळ महाग गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झालं तरी तो हलत नाही, म्हणजे चालकाला उगाच काळजी नको. जेव्हा हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. काही गाड्यांत तर पाण्याचा काटाच नाही, नुसता ऑइलचा आहे. आणि कूलंट पार संपलं की सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना कमी तापमान दाखवू शकतो. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावायचा छोटा स्कॅनर घे. खरा आकडा फोनवर दिसतो. महिनाभर तो बघत राहा. कर्वे रस्त्यावर संध्याकाळी किती, हायवेला किती, कात्रजच्या चढाला किती, हे तुझ्या डोक्यात बसलं पाहिजे. आईला बाळाचं अंग हात लावताच कळतं, कारण रोजचं अंग तिला माहीत असतं. गाडीचंही तसंच ओळखीचं होऊ दे.

नाकाचाही उपयोग कर. कूलंटला गोडसर वास असतो. पार्किंगमध्ये सकाळी पुढच्या चाकांपाशी रंगीत थेंब, कूलंटच्या बाटलीच्या सांध्यापाशी किंवा पाइपच्या तोंडाशी पांढरी-गुलाबी साय, गाडीत शिरताना गोड वास, समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं. यातली एकही गोष्ट दिसली की त्याच आठवड्यात गाडी दाखव. आणि ते सांडलेलं लगेच धुऊन काढ. ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. कामाच्या जागी मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. गॅरेजवाल्याने जुनं कूलंट गटारात सोडलं तर त्यालाही सांग.

तुझ्या गाडीचं नेमकं काय झालं ते अजून ठरायचं आहे, पण माझा संशय प्लॅस्टिकवर आहे. पूर्वी पाण्याच्या वाटेवर पितळ, लोखंड आणि रबर असायचं. आता बाटली प्लॅस्टिकची, थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं, पाइपांचे जोड प्लॅस्टिकचे, पुष्कळदा पंपाच्या आतलं पातंही. रोज शंभर अंशांपर्यंत तापणं आणि गार होणं, आठदहा वर्षं हेच चाललं की ते बिस्किटासारखं ठिसूळ होतं. बाहेरून धड दिसतं आणि घाटात दाब वाढला की तडकतं. म्हणून कुठल्याही जुन्या महाग गाडीबद्दल माझं सांगणं ठरलेलं आहे. घेतल्या घेतल्या बाटली, झाकण, थर्मोस्टॅट, पंप, ठिसूळ जोड आणि पंप पट्ट्यावर चालत असेल तर पट्टा, हे एका बैठकीत बदलून टाक. एकेक फुटेल तसं बदललं तर प्रत्येक वेळी तेच कूलंट, तेच लेबर, आणि प्रत्येक वेळी इंजिनाचा जीव टांगणीला. मार्चमध्ये तू गाडी घेतलीस तेव्हा मी हे म्हणालो होतो, पण धड पटवून दिलं नाही. ते मला लागून राहिलं आहे.

कूलंटच्या बाबतीत काटकसर करू नकोस. निळा, गुलाबी, जांभळा, हिरवा हे रंग बघून कोणी ओतायला लागला तर त्याचा हात धर. रंग कंपनीगणिक बदलतात, आतली रसायनं वेगळी असतात, आणि दोन न जुळणारी एकत्र झाली की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गाळ बसतो. गाडीच्या पुस्तकात कूलंटचा नेमका दर्जा लिहिलेला असतो, तोच घ्यायचा. घट्ट अर्क मिळाला तर निम्मं डिस्टिल्ड पाणी. टँकरचं आणि बोअरचं पाणी वापरूच नको; वाघोलीत राहणाऱ्या तुला बादलीच्या कडेचा पांढरा थर मी दाखवायला नको, तोच इंजिनात बसतो. अडचणीत, गाडी पूर्ण गार झाल्यावर, पिण्याच्या पाण्याची बाटली ओतून गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, पण मग सगळं काढून नव्याने भरून घ्यायचं. भरताना हवा नीट निघाली पाहिजे. जुन्या गाडीत झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करायचो आणि बुडबुडे थांबायची वाट बघायचो. विजेवरच्या पंपाच्या काही गाड्यांत इंजिन बंद ठेवून, ठराविक क्रमाने पंप एकट्याला दहाबारा मिनिटं चालवावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो नवं सामान घालूनही गाडी पुन्हा तापवून दाखवतो.

थर्मोस्टॅटवरून एक भांडण मी आयुष्यभर केलं. आमच्या पिढीत गाडी तापली की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकायचे. "आपल्या गरम मुलुखात कशाला पाहिजे?" मीही शिकाऊ असताना काढले आहेत. आज तुझ्या गाडीचा कोणी काढायला निघाला तर गाडी तिथून उचल. त्या इंजिनाला ठराविक उष्णता लागते. ती मिळाली नाही तर संगणक त्याला सतत थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट एक वाट उघडताना दुसरी बंद करत असतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं आणि गाडी आणखी तापते. पंखा डायरेक्ट बॅटरीला जोडणं हाही तसाच उपाय. रात्रीपुरता ठीक, पण कारण तिथेच राहतं.

गॅरेजात गेलीस की बिलाचा आकडा विचारायच्या आधी विचार, "हे कुठल्या तपासणीवरून ठरवलंत?" हा प्रश्न माझ्या गिऱ्हाइकांनी मला विचारला असता तर मला आवडलं असतं. गार गाडीला हातपंपाने दाब देऊन तो टिकतो का बघणं, ही पहिली तपासणी. गळती असेल तर दिसतेच. मग झाकण वेगळं तपासायचं, ते सगळ्यात स्वस्त आणि सगळे विसरतात. मग पंखा, मग स्कॅनर. मग रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली फट. तिथे पिंपळाची पानं, धूळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात आणि वारा कोंडतो. ती हलक्या पाण्याने धुवायची; प्रेशर वॉशरने पाती वाकतात. हेड गॅस्केटचा संशय असेल तर बाटलीच्या तोंडाशी निळं रसायन धरतात. जळलेला वायू आत आला असेल तर ते पिवळं पडतं. या चाचणीला वेळ आणि खर्च दोन्ही थोडे लागतात. ती न करता कोणी "हेड उतरवावं लागेल" म्हणालं तर सही करू नकोस. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर, सायलेन्सरमधून थांबत नाही असा गोडसर पांढरा धूर, कुठेही गळत नसताना कमी होणारं कूलंट, या खुणा तुझी तूही बघू शकतेस.

आणि समजा हेड उतरलंच, तर त्याला लेथवर फेसिंगला पाठवून लगेच परत चढवू देऊ नकोस. आधी तडा आहे का ते दाब देऊन बघायचं, मग बाक मोजायचा, मग धातूचा कडकपणा. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं. वरून कितीही गुळगुळीत केलं तरी ते गॅस्केट धरून ठेवत नाही. किती घासायचं याला कंपनीची मर्यादा असते. बोल्ट नवे घ्यायचे, कारण आजकालचे बहुतेक बोल्ट एकदाच ताणायचे असतात. चांगला कारागीर हे न विचारता करतो आणि तुझ्या विचारण्याचा त्याला राग येत नाही.

सामानाच्या किमतीने तू हबकली आहेस. साहजिक आहे. दहा वर्षांची महाग गाडी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळते, पण तिचा पंप मात्र आजही मोठ्या गाडीच्याच भावात मिळतो. गाडीची किंमत उतरते, सामानाची उतरत नाही. हे गाडी घेतानाच धरायला हवं होतं. मी तुला सांगतो तो मार्ग मधला आहे. गाडी बनवणारी कंपनी रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट स्वतः बनवत नाही. बेहर, माहले, वालेओ, हेला, पिअरबुर्ग अशा कारखान्यांतून तो माल येतो. बेहर तर आपल्या चाकणकडेच आली आणि पुढे माहलेत गेली. तोच माल त्यांच्या स्वतःच्या खोक्यात, गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेला, पुष्कळ कमी किमतीत मिळतो. पार्ट नंबर जुळवून, पक्क्या पावतीवर घ्यायचा. नाना पेठेत माझं अर्धं आयुष्य गेलं. तिथे प्रामाणिक दुकानदार आहेत आणि हुबेहूब खोक्यातला डुप्लिकेट मालही आहे. होज, बाटली, पंप, थर्मोस्टॅट, गॅस्केट यांत डुप्लिकेट नको आणि जुन्या गाडीतून काढलेलाही नको. दाराचं हँडल, आरसा, आतली पॅनेलं काढलेली घेतलीस तर चालेल. पैसे तिथे वाचव.

या भावांमागे एक मोठी लढाई आहे. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटं सामान आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, हा ठपका होता. त्यावर पुढे बरीच वर्षं न्यायालयात वाद चालले. पण आमच्यासारख्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना तो निकाल वाचताना कोणीतरी आपली अडचण समजून घेतल्यासारखं वाटलं होतं. ज्या शहरात 1995 पासून मर्सिडीज जुळवल्या जातात, जिथे वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये 1966 पासून वाहनांवर संशोधन चालतं, त्या शहरातल्या मेकॅनिकला एक कोड वाचायला परवानगी नाही, हे मला कधी पटलं नाही. 24 डिसेंबर 2022 ला केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. कंपन्यांची दुरुस्तीची माहिती तिथे बघून घे.

कागद सांभाळ, हे तुझ्या आजोबांचंही सांगणं होतं. एस्टिमेट लेखी, सामान आणि लेबर वेगळं, पार्ट नंबरसकट. काढलेलं सामान परत मागायचं, फुटलेल्या जागेचा फोटो मागायचा. एस्टिमेटपेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन, मग काम, हे त्यावरच लिहून घ्यायचं. करही बघ. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. त्याआधी त्यातल्या बऱ्याच भागांवर 28 होता. जुन्या दराने कोणी मांडलं असेल तर तिथेच दाखव. तरीही फसवणूक झाली तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये पुण्यातूनच ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. त्या माणसांनी मिळवून दिलेलं आपण वापरायचं नाही, हे बरं नाही.

विम्याचं पान उद्या सकाळीच उघड. साध्या पॉलिसीत यंत्राचा बिघाड बसत नाही. पाइप फुटून गाडी तापली तर तो खर्च आपला. इंजिन प्रोटेक्ट म्हणून वेगळं कवच असतं, ते तुझ्या पॉलिसीत आहे का आणि त्यात नेमकं काय येतं ते वाच. ते असलं तरी एक मेख आहे. गतिरोधकावर खालून घासून रेडिएटर फुटला, हा अपघात; पण नंतर दिवा लागलेला असताना गाडी चालवून इंजिन गेलं, तर पुढचं नुकसान तुझ्या हलगर्जीपणात धरतात. थांबल्याची वेळ, डॅशबोर्डचा फोटो, टोइंगची पावती हे पुरावे आहेत. परवाचे असतील तेवढे जपून ठेव. पाण्याचंही तसंच. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत गाड्या बुडाल्या तेव्हा पाणी ओसरल्यावर कितीतरी जणांनी "चालू होते का बघू" म्हणून बटण दाबलं असेल. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेली गाडी चालू करायची नाही, ओढून न्यायची.

दर महिन्याला तुझ्या हप्त्याबरोबर थोडे पैसे गाडीच्या नावाने बाजूला टाक, वर्षाच्या विम्याच्या हप्त्याएवढे तरी जमले पाहिजेत. ते नसले की माणूस लाल दिव्याकडे बघून म्हणतो, "पगार झाल्यावर बघू."

येत्या रविवारी मी गॅरेजवर येतो. त्यांना सांग, शनिवारी रात्रीपासून गाडीला हात लावू नका, मला ती पूर्ण गार हवी आहे. दाबाची तपासणी माझ्यासमोर होऊ दे. तोवर कुठल्याही कागदावर सही नको. येताना गाडीचं पुस्तक आण आणि एक हातमोजा आण. या वेळी झाकण तू उघडायचं आहेस.